माळावर मीच मला हाक मारली

हा किस्सा सांगावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण आमचे बापूकाका तो ताडकळसच्या बाजारात भेटेल त्याला सांगत असतात, आणि त्यांच्या सांगण्यात मी दर आठवड्याला थोडी जास्त येडी होत जाते. म्हटलं, आपणच सांगितलेलं बरं. निदान येडेपणाचं माप तरी आपल्या हातात राहील.

तर मला हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि मग आपल्या सेटवरून हवेत हाका मारायच्या. मोबाइल नको, टॉवर नको, इंटरनेट नको. एक सेट, एक बॅटरी, झाडाला बांधलेली एक तार. पलीकडे असाच कुणी नादिष्ट कान लावून बसला असेल तर तो उत्तर देतो. तो नांदेडात असेल नाहीतर जपानात. हाक मारायची रीत ठरलेली आहे. ‘सीक्यू, सीक्यू, सीक्यू’, म्हणजे ‘कुणी आहे का तिकडे?’ आणि त्यापुढे सरकारनं दिलेली आपली अक्षरं. माझी ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री’ अशी सुरू होतात, म्हणजे साध्या भाषेत व्ही, यू, तीन. पुढची सांगत नाही. थोडी अब्रू शिल्लक आहे, ती राहू द्या.

आता शिकल्यासवरल्या पोरीला हा उद्योग कशाला? तर गेल्या पावसाळ्यात आमच्या नदीला पूर आला. पुलावरून पाणी गेलं, मग वीज गेली, आणि विजेपाठोपाठ टॉवर गेला. शेजारच्या घरात सूनबाईला कळा सुरू झालेल्या, आणि आम्ही सगळे गच्चीवर मोबाइल आभाळाकडे धरून उभे, जणू वरून कुणी त्यात रेंज ओतणार आहे. बाळ-बाळंतीण वाचली, पण ती नशिबानं. गाव नशिबावर चालवायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत रेडिओ बसवायचा. पुढच्या पावसाळ्याआधी.

पण रेडिओ आणायचा कुठून? परभणीला मोईन सर म्हणून आमचे गुरू राहतात. सगळी नोकरी बिनतारी यंत्रांत गेली, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे एक दणकट जादा सेट होता. तो गावाला द्यायला ते तयार होते. अट एकच.

“बेटा, तुझ्या गावच्या माळावरून, तुझ्या छोट्या सेटवर, एक पक्का संपर्क करून दाखव. फक्त एक. जो थोडक्या बॅटरीवर बोलू शकतो, तोच पुरात बोलू शकतो.”

माझा छोटा सेट पाच वॅटचा. घरात रात्री झीरोचा बल्ब लावता ना? त्याच्यापेक्षाही कमी. तेवढ्या जोरावर मला जगाला हाक मारायची होती.

गावाबाहेर उघडा माळ आहे, त्यावर एकच लिंबाचं झाड. त्या झाडाला मी तार बांधली. पलीकडच्या उताराला बापूकाकांची ज्वारी, माणूस बुडेल एवढी उंच. थंडीचे दिवस. मी रोज दिवस मावळायच्या सुमाराला तिथे जाऊन बसायची, कारण त्या वेळी आभाळातले वरचे थर बदलतात आणि लांबचे सिग्नल अचानक उघडतात. कधी उघडतात, कधी नाही. काल ज्या घटकेला आवाज आला, त्या घटकेला आज नुसती खरखर. या खेळात भरवसा कशाचाच नसतो, आणि माझ्यात धीर मुळात कमी.

कितीतरी संध्याकाळी गेल्या. कानाला स्पंज उडालेले जुने हेडफोन लावायचे, हाक मारायची, थांबायचं, ऐकायचं. उत्तर नाही. माळावर सोबतीला बिरूमामा आणि त्यांच्या मेंढ्या.

“ताई, कुनाला बोलायलाव?” त्यांनी एकदा विचारलं.

“जो ऐकेल त्याला, मामा.”

“मंग ऐकलं का कुनी?”

“अजून नाही.”

“आमच्या मेंढ्या ऐकायल्यात की,” मामा म्हणाले. “चरायच्या थांबल्यात बगा.”

आणि मग ती संध्याकाळ आली.

सूर्य टेकला होता. वाऱ्याची दिशा बदलली होती आणि चुडाव्याच्या स्टेशनाकडून रेल्वेचा भोंगा अगदी जवळ असल्यासारखा ऐकू आला. मी हाक मारून थांबले. खरखर. त्या खरखरीच्या मागून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक बारीक आवाज वर आला. बाईचा.

“सीक्यू… सीक्यू… सीक्यू…”

माझ्या हातावर काटा आला. कुणीतरी होतं. मी सेटचं बटण हळूच फिरवलं. आवाज विरला, पुन्हा आला, लाटेसारखा. मग ती आपली अक्षरं सांगू लागली. “व्हिक्टर… युनिफॉर्म… थ्री…” आणि त्यापुढची सगळी. एक न चुकता.

ती माझी अक्षरं होती. आणि तो आवाज माझा होता.

मी हेडफोन ओढून काढले. माळावर नुसता वारा. लिंबाची पानं, मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा, बाकी शांत. पुन्हा लावले. खरखर. ती गेली होती.

दुसरं कुणी असतं तर सेट गुंडाळून घरी पळालं असतं. पण मी पदवीधर. पदवीधर माणूस घाबरला की आधी वाचायला बसतो. मी वाचलं, आणि मला सापडलं. रेडिओवाल्यांच्या जगात ही गोष्ट फार जुनी आहे. क्वचित कधी आपणच पाठवलेला आवाज बऱ्याच वेळानं आपल्याकडे परत येतो. इतका वेळ तो कुठे हिंडत होता, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकलेलं नाही. विलंबित प्रतिध्वनी. जगात फार थोड्यांनी ऐकलेला. आणि आता मी.

म्हणजे उत्तर द्यायला कुणी तयार नव्हतं, पण विश्वानं माझी दखल घेतली होती.

मी रोज निरीक्षणं करू लागले. आवाज सूर्य मावळतानाच येई. ज्या दिवशी चुडाव्याची गाडी स्पष्ट ऐकू येई त्या दिवशी जास्त स्वच्छ. वारा फिरला की विरे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दोन दिवस आभाळ भरून आलं तेव्हा आवाज आलाच नाही. ऊन पडलं की परत हजर. सूर्याशी थेट संबंध! मी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

मग एका संध्याकाळी त्या आवाजानं शिंक दिली.

‘सीक्यू’ म्हणता म्हणता मध्येच खणखणीत शिंक, आणि मागोमाग “सॉरी”. मी गारठले. त्या दिवशी मी शिंकलेच नव्हते. सर्दी मला झाली होती ती आदल्या आठवड्यात. म्हणजे हा आजचा आवाज नव्हता. माझा आवाज आठवडाभर आभाळात भटकून, वाट शोधत परत आला होता. शिंकेसकट.

खरं सांगते, त्या रात्री मी अंगणातला दिवा मालवला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोग म्हणून मी माळावर गेले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. सेट लावला, हेडफोन घातले, बसून राहिले. दिवस बुडाला. माळाचा रंग गेला. मेंढ्या आपसूक एका जागी गोळा झाल्या आणि सगळ्यांनी माना ज्वारीकडे वळवल्या.

“सीक्यू… सीक्यू…”

मी बोलत नव्हते. आणि मी बोलत होते.

बिरूमामा काठी टेकत जवळ आले. त्यांचा आवाज खाली गेला होता. “ताई, तुमी हितं गप बसलाव, अन् तुमचा आवाज खालून यायलाय. ह्यो चकवा हाय. मानसाचा आवाज उचलतंय, अन् त्याच आवाजानं हाका मारून रानात न्येतंय. त्याला ओ देऊ नगा.”

आता इथे माझ्यातली समाजसुधारक जागी झाली. “मामा, अहो चकवा वगैरे काही नसतं. या अंधश्रद्धा सोडा. तो माझाच आवाज आहे. आठवड्यापूर्वी इथून गेला, आभाळात हिंडला आणि आता परत आलाय. बोलवणारं कुणी नाही, तो आपोआपच येतो.”

मामांनी मान डोलावली.

“बरं,” ते म्हणाले. “म्हंजी चकवाच की.”

मी हट्टानं माइक उचलला आणि त्या आवाजाला ‘ओ’ दिली. रीतसर. माझी अक्षरं, मग पुन्हा माझीच अक्षरं, तुमचा आवाज मला असा असा येतोय, माझा तुम्हाला कसा येतोय? माइकचं बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं असतं; ते सोडलं आणि श्वास रोखून बसले. खरखर. खरखर. मग ती लांबून, थकल्यासारखी म्हणाली, “गो अहेड.”

म्हणजे बोला, ऐकतेय.

आयुष्यातला माझा पहिला संपर्क झाला होता, आणि तो माझ्याशी झाला होता.

घरी पोचायच्या आतच मी मराठवाड्यातल्या सगळ्या रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर हा शोध जाहीर केला. मग मोईन सरांना फोन लावला.

“बेटा, हेडफोन काढून ऐकलंस?”

“ऐकलं सर. काही नव्हतं.”

“आणि तार काढून?”

“सर, तार काढली तर सिग्नल येईल कसा?”

“हौ, तेच म्हणतोय मी,” सर म्हणाले.

ते काय म्हणत होते, तेवढं ऐकून घ्यायला मला वेळ कुठे होता? मी त्यांना माळावर येण्याचं आमंत्रण देऊन टाकलं. हा संपर्क ग्राह्य धरणार ना, सर? अट पूर्ण होईल ना? सर म्हणाले, “येतो. ऐकतो. मग बोलू. पण ग्रुपवर लिहून बसलीस, आता हे खरं नसलं तर पुढे तुझ्या कुठल्याच शब्दाला कुणी विचारणार नाही, ध्यानात ठेव. पुराची बातमी देणारा माणूस भरवशाचा लागतो.”

पण तीर सुटला होता.

सर एसटीनं ताडकळसला उतरले. मी त्यांना मोटारसायकलवर माळापर्यंत आणलं. लिंबाखाली सतरंजी टाकली. हेडफोनचा एक कान त्यांच्या कानाला, एक माझ्या कानाला, असे आम्ही डोक्याला डोकं लावून बसलो. बिरूमामा आज मेंढ्या घेऊन बरेच लांब उभे होते. चुडाव्याकडून गाडी वाजली. माळावर ती घटका आली, जेव्हा उजेड असतो पण सावल्या नसतात.

“सीक्यू… सीक्यू… सीक्यू…”

सरांचा श्वास थांबलेला मला जाणवला. आवाज वाढला, विरला, वाढला. शिंक आली. “सॉरी” आलं.

“किती स्वच्छ आहे ना, सर?” मी कुजबुजले.

सरांनी हात पुढे केला आणि सेटमधून तार उपसून काढली.

“व्हिक्टर… युनिफॉर्म…”

सरांनी सेट बंद केला. हिरवा दिवा विझला.

“…थ्री…”

त्यांनी हेडफोन काढून सतरंजीवर ठेवले. उतारावरून, ज्वारीच्या काळ्या रांगांमधून, तो आवाज तसाच येत राहिला. आता त्यात खरखर नव्हती. मी तोंडावर हात ठेवून पाहिला. तोंड मिटलेलंच होतं.

“बेटा,” सर अगदी हळू म्हणाले, “सेट बंद आहे. आणि तू चालूच आहेस.”

“म्या म्हनलो न्हवतं का?” लांबून बिरूमामा म्हणाले, आणि मेंढ्या घेऊन चालायला लागले.

सर उठले आणि आवाजाच्या रोखानं निघाले. एकटीनं मागे बसण्यापेक्षा मी त्यांच्या पाठीमागे गेले. ज्वारीत शिरलो तसा उजेड संपला. दोन्ही बाजूंनी पाती अंगाला घासत होती. प्रत्येक पावलागणिक आवाज जवळ येत होता, आणि जवळ येईल तसा जास्त माझा होत होता. श्वास घ्यायची माझी लकब. शब्द ओढायची माझी सवय.

सरांनी शेवटची ताटं बाजूला केली. समोर ती उभी होती.

दोन्ही हात पसरलेले. अंगात माझा निळा पंजाबी ड्रेस, कॉलेजच्या निरोपसमारंभाला घातलेला. ओढणी वाऱ्यावर हलत होती. तोंड काळं, गोल, त्यावर पांढरे डोळे. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या आवाजात विचारत होती, कुणी आहे का तिकडे?

मी किंचाळले. असं किंचाळले की नदीपलीकडच्या गावात कुत्री भुंकली म्हणतात.

“गो अहेड,” ती म्हणाली.

तेवढ्यात ज्वारीतून बॅटरीचा झोत आला. “कोन हाय रं तिकडं?” बापूकाका. माझे सख्खे चुलते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात हुरड्याचं कणीस. “अगं पोरी, तू? अन् वरडायलीस कामून? डुकरं तर गेली कवाच.”

उजेडात सगळं दिसलं. बांबूवर उलटं मडकं, त्याला चुन्याचे डोळे. मडक्याच्या खाली बांधलेला छोटा भोंगा. आणि बांबूच्या टोकाला हातभर लांबीची सोलर पाटी, दिवसभर ऊन साठवून दिवस मावळताना भोंगा आपोआप चालू करणारी.

सूर्याशी थेट संबंध. माझं निरीक्षण चुकलं नव्हतं.

“काका, हे काय आहे?”

“बुजगावनं,” काका म्हणाले. “पयलं माझ्याच आवाजातलं हाड-हुड भरून लावलं होतं भोंग्यात. आठ दिस पळाली डुकरं. मंग सरावली. मी वरडायलोय अन् ती मान बी वर करंनात. घरातल्या मानसावानी.”

“मग?”

“मंग तुजी काकू म्हनली, पोरगी गच्चीवर सराव करायली तवा मी मोबाइलवर भरून ठिवलंय, भैनीला ऐकवायला. विंग्रजी हाय, डुकरांना कळायचं न्हाई, ते लावा. लावलं. तवापासून एक डुक्कर न्हाई बग. ड्रेस बी काकूनंच घातला. म्हनली, आवाज तिचा तर रूप बी तिचंच पायजे.”

“एकही डुक्कर नाही?” सरांनी विचारलं. ते फार गंभीर दिसत होते. नंतर कळलं, ते हसू दाबत होते.

“एक न्हाई सर. समदी वरच्या शिवारात गेली. सरपंचाच्या हरभऱ्यात.”

म्हणजे ज्या सरपंचांकडे मला खोली मागायची होती, त्यांच्याच हरभऱ्यात. मी खाली ढेकळावर बसले. ग्रुपवरचा माझा शोध, शीर्षक ठरलेला निबंध, गावाचा सेट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “सर, मला माफ करा. तुम्हाला उगाच आणलं. सेट राहू द्या तुमच्याकडे.”

“अरे भई, थांब. अजून पूर्ण अंधार झाला नाही,” सर म्हणाले. “काका, तुमची ही बाई घटकाभर बंद करता? बेटा, वर चल. तार लाव. एकदा हाक मार. या वेळी तू.”

आम्ही वर आलो. काकाही आले, गंमत बघायला. मी तार लावली, माइक घेतला आणि मेलेल्या आवाजात हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. खरखर. तिसऱ्यांदा मारून बटण सोडलं, आणि खूप खोलातून एक पुरुषी आवाज माझी अक्षरं उच्चारू लागला. “व्हिक्टर… युनिफॉर्म… थ्री…”

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटणार? मी माइकसकट मागे वळले आणि संतापानं ओरडले, “बापूकाका, पुरे आता! माझी नक्कल बंद करा! आधी डुकरं, आता हे, बापूकाका, लाज वाटते का काही?”

काका माझ्या पाठीमागेच उभे होते. त्यांनी शांतपणे तोंडाकडे बोट दाखवलं. तोंड हुरड्यानं गच्च भरलं होतं.

मग मी माझ्या हाताकडे पाहिलं. रागानं माइक मुठीत आवळला होता. बटणासकट. मी हे सगळं, पाच वॅटच्या पुऱ्या ताकदीनं, आभाळात पाठवलं होतं.

सरांनी माझ्या कानावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले. ऐकलं. माइक माझ्या मुठीतून सोडवून घेतला आणि थोडंसं बोलले. पुन्हा ऐकलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“श्रीलंकेहून आहे,” ते म्हणाले. “तुझा आवाज त्याला उत्तम पोचलाय. एक एक शब्द. त्याचं एवढंच विचारणं आहे की, बापूकाका हे कुठलं स्टेशन?”

अट पूर्ण झाली. ग्रुपवर मी त्याच रात्री सगळं खरं लिहिलं, बुजगावण्यासकट. सरांचा सेट आता आमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. सरपंचांनी खोली दिली ती काकांनी भोंगा उतरवण्याच्या बोलीवर. तो ड्रेस मी परत घेतलेला नाही. कोण घालणार?

पण अजून दिवस मावळताना मी हाक मारली की श्रीलंकेचा तो भला माणूस कधीकधी उत्तर देतो. मी कशी आहे, हे तो विचारत नाही. तो पहिल्यांदा विचारतो, बापूकाका कसे आहेत? काका शेजारीच खुर्ची टाकून बसलेले असतात. ते मान हलवतात आणि म्हणतात, “सांग त्याला, बरा हाय. अन् डुकरं परत आली म्हनावं.”

आणि ते मला, परवानाधारक पदवीधर बाईला, स्वच्छ इंग्रजीत सांगावं लागतं.